प्रतिसृष्टीतला पाऊस

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. घरोघरी मासळी विकणाऱ्या मावशी सकाळी दारात आल्या आणि पाटी उतरवता उतरवता, भाव सांगण्याआधीच, त्यांनी विचारले, "बाय, फोनात बघून सांग, आज रात्री पाऊस हाय का?" वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, किनाऱ्यावर त्यांचे बोंबील वलांडीवर लटकत होते, जवळा पसरलेला होता आणि मे संपेपर्यंत ऊन मिळेल या भरवशावर सोडे वाळत घातले होते. मी फोनवर हवामानाचा अंदाज उघडला आणि वाचून दाखवला : मुंबई शहर व उपनगरांत तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, कोलंबीवरचे ओले फडके सारखे केले आणि म्हणाल्या, "मुंबईचं नको सांगू. आमच्या वेसाव्याचं सांग." माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रागावल्या नाहीत, पण उरलेली घरे सोडून तशाच परत निघाल्या. कारण उत्तर नसेल तर सगळे झाकून ठेवणे भाग होते, आणि झाकलेली मासळी वाळत नाही, तिला कुबट वास सुटतो.

त्यांचे ते वाक्य नंतर बरेच दिवस मनात घोळत राहिले. शहरातल्या एका महाविद्यालयात मी आयुष्यभर संख्यात्मक विश्लेषण शिकवले. जी समीकरणे कागदावर नेमकेपणाने सुटत नाहीत, ती लहान लहान पावलांनी, अंदाज घेत, चूक आटोक्यात ठेवत कशी सोडवायची, हा माझा विषय. हवामानाचा अंदाज हे या विषयाचे सर्वांत भव्य उदाहरण, आणि वर्गात मी ते मोठ्या अभिमानाने सांगत असे. वारा, दाब, तापमान आणि बाष्प यांचे नियम आपल्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहेत. मग एका किनाऱ्याचे, एका रात्रीचे उत्तर इतके दुर्मीळ का असावे? त्या प्रश्नाच्या मागे लागून मी गेले काही महिने पुष्कळ वाचन केले, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला वेळीअवेळी फोन करून त्रास दिला, आणि जे हाती आले त्याने मी एकाच वेळी थक्क झाले आणि अस्वस्थही.

मुंबईत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. २६ जुलै २००५ च्या दुपारी मी उपनगरातल्या महाविद्यालयात होते. दोन वाजल्यापासून असा पाऊस कोसळत होता की समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसेनाशा झाल्या, आणि पावसाचा आवाज इतका सलग झाला की काही वेळाने तो ऐकू येईनासा झाला. फोर्टमध्ये काम करणाऱ्या बहिणीशी एकदा कसाबसा फोन लागला, तेव्हा ती सहज म्हणाली, "इथे तर भुरभुर आहे, तू छत्री घेऊन नीघ की." ती खोटे बोलत नव्हती. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि कुलाब्याला अवघी ७३ मिलिमीटर. दोन वेधशाळा एकाच शहरातल्या, एकमेकींपासून पंचवीसेक किलोमीटरवर. ती रात्र आम्ही वर्गातली बाके जोडून, विद्यार्थ्यांबरोबर मेणबत्त्यांच्या उजेडात काढली. खालच्या मजल्यावर शिरलेल्या पाण्याला मातीचा, डिझेलचा आणि ड्रेनेजचा मिळून एक वास होता; तो आजही पावसाच्या पहिल्या सरीला अचानक आठवतो आणि अंगावर काटा येतो. पहिल्या सरीचा आनंद आणि ती भीती या दोन्ही गोष्टी माझ्यात तेव्हापासून शेजारी शेजारी राहतात.

हवामानाचे गणित करताना पृथ्वीवर एक जाळे टाकावे लागते. जाळ्याच्या प्रत्येक खणाला एक वारा, एक तापमान, एक आर्द्रता आणि एक पाऊस. खणाच्या आत काय घडते ते गणिताला दिसत नाही. तिथे फक्त सरासरी असते. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करत असताना, हे गणित हाताने करून पाहिले. २० मे १९१० या दिवसाचा सहा तासांचा अंदाज काढायला त्याला कित्येक आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकले : त्याच्या गणिताप्रमाणे सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढायला हवा होता, प्रत्यक्षात तो जवळपास स्थिर होता. तरीही १९२२ साली त्याने ते सगळे, चुकीसकट, प्रसिद्ध केले आणि एक कल्पनाचित्र रंगवले : एका प्रचंड गोल सभागृहात ६४,००० माणसे बसली आहेत, प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या प्रदेशाचे गणित करतो आहे, शेजाऱ्याला आकडे दाखवतो आहे, आणि मध्यभागी उंच खांबावर उभा असलेला एक जण सगळ्यांना एका लयीत ठेवतो आहे. वर्गात हे चित्र सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा चढत असे. कारण आजचा महासंगणक म्हणजे नेमके तेच सभागृह आहे; माणसांच्या जागी प्रक्रियक (प्रोसेसर) बसले आहेत, एवढाच फरक. १९५० मध्ये अमेरिकेत एनियॅक या संगणकावर पहिला संगणकीय अंदाज काढला गेला, तेव्हा चोवीस तासांचे भाकीत करायला साधारण चोवीस तासच लागले. अंदाज आणि हवामान बरोबरीने धावत होते.

या गोष्टीचा मुंबईशी असलेला धागा मला फार प्रिय आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. त्याच कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा भारतात बांधलेला संगणक सुरू झाला, आणि त्याची स्मृती होती २,०४८ शब्दांची, म्हणजे साधारण तेवढ्याच आकड्यांपुरती. शतकाहून अधिक काळ पाऊस, वारा आणि दाब यांच्या नोंदी ठेवणारी वह्यांची रास एका बाजूला, आणि आकडेमोड करणारे यंत्र दुसऱ्या बाजूला, दोन्ही समुद्राच्या एकाच वाऱ्यात. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस मान्सूनच्या अंदाजासाठी क्रे महासंगणक अमेरिकेकडून मागितला गेला, तेव्हा हवा होता त्याहून कमी शक्तीचा मिळाला, तोही मोठ्या वाटाघाटींनंतर. त्याच सुमारास पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा भारतीय महासंगणक तयार झाला. आमच्या पिढीला परमचे काय अप्रूप वाटले होते, ते आज हातात फोन घेऊन जन्मलेल्या मुलांना सांगणे अवघड आहे. पावसाचे गणित करण्याचे साधन दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून असणे ही गोष्ट त्या वेळी मनाला लागली होती, आणि ती लागणे योग्यच होते.

आता २०२५ कडे येते. त्या वर्षी २६ मे रोजी मान्सून मुंबईत दाखल झाला. सरासरी तारीख ११ जून, आणि याआधीची सर्वांत लवकरची नोंद २९ मेची. म्हणजे गेल्या पाऊणशे वर्षांत इतक्या लवकर तो कधी आलाच नव्हता. आणि त्याच दिवशी, २६ मे रोजी, दिल्लीत 'भारत फोरकास्ट सिस्टीम' देशाला अर्पण करण्यात आली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत घडलेली ही प्रणाली ६ किलोमीटरच्या खणांवर चालते. तिच्या आधीची १२ किलोमीटरच्या खणांवर चालत असे. ती ज्या महासंगणकावर चालते त्या 'अर्क'ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा हजार लाख कोटी आकडेमोडी. ही बातमी वाचताना मला मनापासून आनंद झाला, आणि लगेच मी कागद ओढून भागाकार केला. मुंबईचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर. सहा किलोमीटरचा एक खण ३६ चौरस किलोमीटरचा. म्हणजे सगळी मुंबई सोळा-सतरा खणांत बसते. वेसावे, जुहू, अंधेरी आणि ओशिवरा बहुधा एकाच खणात. शिवाय गणितातला एक खण स्वतःच्या बळावर काहीच नीट सांगू शकत नाही. ढगाचा आकार उमटायचा तर तो पाच-सहा खणांवर तरी पसरलेला असावा लागतो. एखादा गडगडाटी ढग तर सुरुवातीला काही किलोमीटर रुंदीचाच असतो. तो खणात मावून जातो आणि त्याच्याऐवजी सूत्राने काढलेला एक सरासरी ढग गणितात ठेवावा लागतो. या सूत्रांवर हवामानशास्त्रज्ञांनी आयुष्ये घालवली आहेत आणि ती सूत्रे विलक्षण बुद्धीची आहेत, पण ज्या ठिकाणी सर्वांत जास्त नुकसान होते त्याच ठिकाणी ती डगमगतात. १०० किलोमीटरच्या खणांवर चालणाऱ्या जुन्या हवामानबदलाच्या प्रतिमानांत (संगणकातल्या गणिती मॉडेलांत) तर आपला सह्याद्री हा कोकणातून दख्खनकडे चढत जाणारा एक मंद उतार असतो. घाटच नाही म्हटल्यावर घाटमाथ्याचा पाऊस कुठून पडणार?

मग खण लहान करावेत, हे उत्तर कोणीही देईल. खण निम्मा केला की जमिनीवरच्या खणांची संख्या चौपट होते. पण तेवढ्याने भागत नाही. १९२८ साली कूरां, फ्रीडरिख्स आणि लेवी या तिघा गणितज्ञांनी दाखवून दिले की अशा गणितात एका पावलाच्या वेळेत कोणतीही हालचाल एका खणापलीकडे जाता कामा नये, नाहीतर उत्तर फुटते, आकडे वेडेवाकडे वाढत जातात. म्हणून खण निम्मा केला की वेळेचे पाऊलही निम्मे करावे लागते, आणि एकूण काम आठपट होते. उंचीचे थरही वाढवले तर सोळापट. ६ किलोमीटरवरून १ किलोमीटरवर यायचे तर सहाचा घन, म्हणजे थर न वाढवताही २१६ पट काम. शिवाय हवामानाचा स्वभाव असा, की आजच्या नोंदीतली बारीकशी चूक आठवड्याभरात सगळ्या चित्रावर पसरते. म्हणून एकच अंदाज काढून चालत नाही, किंचित वेगवेगळ्या सुरुवातींनी पन्नासेक अंदाज काढून त्यांचा एकत्र विचार करावा लागतो. ते २१६ पुन्हा पन्नासने गुणावेत.

वेसाव्याच्या एका रात्रीची किंमत ही आहे.

माझा विद्यार्थी आता पुण्यात अशाच प्रणालींवर काम करतो. त्याने मला सांगितलेली गोष्ट माझ्या अपेक्षेच्या उलट होती. मला वाटत होते की अडचण आकडेमोडीच्या वेगाची आहे. तो म्हणाला, "मॅडम, आकडेमोड आता स्वस्त झाली आहे, महाग आहे ते आकडे आणणे." स्वयंपाकाला पाच मिनिटे आणि भाजी आणायला मंडईत तासभर, अशी आजच्या प्रक्रियकाची अवस्था आहे. हवामानाच्या गणितात प्रत्येक खणाला शेजारच्या खणांचे आकडे लागतात, ते स्मृतीतून आणावे लागतात, थोडीशी बेरीज-वजाबाकी करून पुन्हा ठेवावे लागतात. त्यामुळे जाहिरातीत सांगितलेल्या कमाल वेगाचा फार थोडा भाग या कामात प्रत्यक्ष वापरता येतो. दुसरी अडचण त्याहून खोल आहे. जागा वाटून देता येते : एक लाख प्रक्रियक असतील तर पृथ्वीचे एक लाख तुकडे करावेत. काळ वाटून देता येत नाही. दुपारी दोन वाजताची हवा ठरल्याशिवाय दोन वाजून दहा सेकंदांची हवा काढता येत नाही, मग हाताशी कितीही यंत्रे असोत. आणि एका प्रक्रियकाचा ठोका, म्हणजे त्याच्या कामाची लय, उष्णतेमुळे २००५ च्या आसपासच तीन-चार गिगाहर्ट्झवर येऊन थांबला आहे.

मी पुन्हा कागद घेतला. १ किलोमीटरच्या खणांना दहा सेकंदांचे पाऊल धरले, तर एका वर्षात साडेएकतीस लाख पावले होतात. हवामानबदलाच्या अभ्यासाला निदान तीस वर्षे चालवून पाहायला हवीत, आणि त्यासाठी प्रतिमानातले एक वर्ष आपल्या एका दिवसात संपले तरी महिना लागतो. त्या वेगाने एका पावलाच्या वाट्याला येतात सत्तावीस सहस्रांश सेकंद. एवढ्या वेळात पृथ्वीवरच्या ५१ कोटी चौरस किलोमीटरांवरील, शंभर थर धरले तर पाच हजार कोटी खणांनी आपले गणित करायचे, शेजाऱ्याशी आकड्यांची देवाणघेवाण करायची आणि पुढच्या पावलाला तयार राहायचे. रिचर्डसनच्या सभागृहातला तो खांबावरचा माणूस मला इथे सतत दिसतो. हे काम अशक्यही राहिलेले नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या फ्रंटियर महासंगणकावर सव्वातीन किलोमीटरच्या खणांचे जागतिक वातावरण दिवसाला एका वर्षाहून अधिक वेगाने चालवून दाखवण्यात आले. २०२५ मध्ये जर्मनीतल्या ज्युपिटरवर, समुद्र आणि कार्बनचक्र यांसह, सव्वा किलोमीटरची पृथ्वी एका दिवसात जवळजवळ पाच महिने पुढे गेली. पण हे विक्रम आहेत. रोज पहाटे न चुकता निघणारा अंदाज ही वेगळी तपश्चर्या आहे.

या सगळ्या खटाटोपातून जे घडवायचे आहे त्याला 'डिजिटल ट्विन' म्हणतात, पृथ्वीचे संगणकातले जुळे. मला मात्र ते वाचताना विश्वामित्राची प्रतिसृष्टी आठवली. साध्या प्रतिमानाहून ही गोष्ट वेगळी आहे. उपग्रह, रडार, समुद्रात तरंगणाऱ्या बोयी, विमाने आणि पर्जन्यमापके यांच्या नोंदी तिच्यात सतत मिसळत राहतात, म्हणजे ती खऱ्या पृथ्वीचा हात सोडत नाही. आणि तिला 'असे झाले असते तर?' हा प्रश्न विचारता येतो. युरोपीय संघाच्या 'डेस्टिनेशन अर्थ' प्रकल्पाचा पहिला टप्पा जून २०२४ मध्ये कार्यान्वित झाला : हवामानबदलासाठी सुमारे ५ किलोमीटरच्या आणि टोकाच्या घटनांसाठी त्याहून थोड्या बारीक खणांची पृथ्वी. तिचे काही काम फिनलंडमधल्या कायानी गावातल्या लुमी महासंगणकावर चालते. हा महासंगणक एका बंद पडलेल्या कागद गिरणीत उभा आहे. त्याला जलविद्युत पुरवली जाते आणि त्याच्यातून निघणारी उष्णता गावातली घरे उबदार ठेवायला वापरतात. हे वाचताना मी बराच वेळ थांबले. माझे बालपण गिरणगावात गेले. आमच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या जागी काय उभे राहिले ते लोअर परळच्या पुलावरून रोज दिसते. एखादी चिमणी तशीच ठेवून तिच्या सावलीत शहराच्या पावसाचे गणित करणारे यंत्र बसले असते, तर मला त्या जागेकडे पाहताना आजच्याइतके परके वाटले नसते.

अर्थात मुंबईच्या दमट उकाड्यात असे यंत्र थंड ठेवणे हाच एक मोठा खर्च आहे. फ्रंटियर वीस मेगावॉटहून अधिक वीज घेतो. तुलनेला सांगते : १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू झालेले खोपोलीचे जलविद्युत केंद्र ७२ मेगावॉटचे आहे. लोणावळ्याच्या धरणांत साठलेला घाटमाथ्याचा पाऊस नळांतून खाली उतरतो आणि त्याची वीज होते. म्हणजे शतकाहून जुन्या त्या केंद्राच्या क्षमतेतला जवळजवळ तिसरा हिस्सा एकटा असा महासंगणक खाऊन टाकेल. तापमानवाढ समजून घेण्यासाठी इतकी वीज जाळावी का, असा प्रश्न माझ्या मनात येतो आणि त्याचे उत्तर मी प्रामाणिकपणे 'हो' असे देते, फक्त ती वीज कोळशाची नसावी. ज्या शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधल्या होत्या, त्या शहराला आपल्या पुढच्या तीस वर्षांच्या पावसाविषयी अंधारात राहणे परवडणारे नाही. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. २६ जुलैची ती दुपार दोन अंश अधिक तापलेल्या जगात पुन्हा घडवून पाहणे, तेच वारे, तोच कमी दाबाचा पट्टा, तीच भरती ठेवून, ही गोष्ट प्रतिसृष्टीतच शक्य आहे. ते चित्र पाहायची मला भीती वाटते. तरी ते कोणीतरी पाहिलेच पाहिजे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने हे सगळे सोपे केले आहे, असे मला अनेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले ग्राफकास्ट दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत काढते, आणि युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःची अशी प्रणाली रोजच्या वापरात आणली. मला त्यांचे कौतुक आहे. पण या प्रणाली शिकल्या त्या जुन्या पद्धतीच्या प्रतिमानांनी नोंदींशी मेळ घालून तयार केलेल्या, साधारण ३१ किलोमीटर खणांच्या इतिहासावर. त्या इतिहासात कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये एका खणाचेही अंतर नाही. जे पुस्तकातच छापलेले नाही ते विद्यार्थी कितीही हुशार असला तरी पाठ कसे करणार? बारीक खणांची ती मंद, महागडी, वीज खाणारी पृथ्वी आधी कोणीतरी चालवलीच पाहिजे, तेव्हा या चपळ प्रणालींना शिकायला काही मिळेल. फोरट्रान या जुन्या संगणकभाषेतल्या लाखो ओळींच्या आज्ञावल्या नव्या ग्राफिक प्रक्रियकांवर चालतील अशा पुन्हा लिहिण्याचे कामही चालू आहे. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, बातमीत येत नाही, आणि माझा विद्यार्थी म्हणतो त्याप्रमाणे त्यात त्याच्या पिढीची ऐन उमेदीची वर्षे जात आहेत.

सगळ्यांत अस्वस्थ केले ते मात्र साठवणुकीच्या हिशेबाने. पाच हजार कोटी खण, प्रत्येकात दहा आकडे, प्रत्येक आकड्याला चार बाइट : या पृथ्वीचे एका क्षणाचे छायाचित्र दोन टेराबाइटचे होते. दर तासाला एक ठेवले तर तीस वर्षांचे पाचशे पेटाबाइटहून, म्हणजे पाच लाख टेराबाइटहून, जास्त. इतके कोणी साठवत नाही, साठवू शकत नाही. म्हणून या प्रतिसृष्टीतले बहुतेक सगळे घडते आणि पुसले जाते. प्रतिमान चालू असतानाच त्यातून जे हवे ते उपसून घ्यायचे, बाकीचे वाहू द्यायचे, अशी पद्धत आता रूढ होत आहे. गणिती दृष्टीने ती अगदी सयुक्तिक आहे. पण याचा अर्थ असा, की काय हवे आहे ते आधी कोणीतरी सांगून ठेवलेले असले पाहिजे. पवनचक्क्या चालवणाऱ्या कंपनीने शंभर मीटर उंचीवरचा वारा मागितला असेल तर तो राहील. विमा कंपन्यांनी गारपीट मागितली असेल तर ती राहील. वेसाव्यावर मे महिन्यातल्या एका रात्री पडलेला पाऊस, खण कितीही बारीक असला तरी, कोणी न मागितल्यामुळे पुसला जाईल. मावशींना उत्तर न मिळण्याचे कारण उद्या गणिताची मर्यादा हे नसेल. त्यांचा प्रश्न यादीत नव्हता, हे असेल.

मी विद्यार्थ्याला विचारले, समजा मुंबईने मागितले तर किती जागा लागेल? आम्ही दोघांनी फोनवरच हिशेब केला. एक किलोमीटरचे ६०० खण, दर पंधरा मिनिटांचा पाऊस, तीस वर्षे : अडीच गिगाबाइट. खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये सहज मावेल इतका. आम्ही दोघेही काही क्षण काही बोललो नाही.

त्यानंतर मी एक यादी करायला घेतली. मिठी नदीच्या पाणलोटातला दर पंधरा मिनिटांचा पाऊस, आणि त्याच वेळची भरतीची पातळी. विहार आणि तुळशी तलावांवरचा पाऊस. एप्रिल-मेमधली वेसावे, मढ आणि गोराई इथल्या किनाऱ्यांवरची आर्द्रता, वारा आणि अवेळी पडणारी सर, म्हणजे किती वर्षांनी मासळी वाळवण्याचा हंगाम किती दिवसांनी आखडेल ते सांगता येईल. गोवंडी आणि मानखुर्दच्या पत्र्याच्या घरांच्या वस्तीतले रात्रीचे तापमान. दुपारचे तापमान सगळेच मागतात, पण तिथल्या बायका सांगतात की झोप रात्री लागत नाही. कर्जत-कसाऱ्याच्या घाटांतला तासाचा पाऊस, कारण दरड कोसळली की लोकल आणि दूध दोन्ही अडकते. मावशींना विचारले तेव्हा त्यांनी एक गोष्ट सुचवली जी मला कधीच सुचली नसती : होड्या समुद्रात असतात तेव्हा किनाऱ्यापासून आत कुठवर आणि कोणत्या दिशेने वारा अचानक फिरतो, ते. यादी विद्यार्थ्याला पाठवली आहे. त्याने ती त्याच्या गटातल्या लोकांना दाखवतो असे सांगितले आणि विचारले की वाऱ्याचे आकडे किती उंचीवरचे हवेत. ते मी उद्या मावशींना विचारणार आहे.